बुद्ध्यांक मोजायचा कोणत्या भाषेत आणि कोणाच्या खर्चाने?

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. राहायला कल्याणात, कामाला भिवंडीत. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून ते तसेच आले होते. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत चार पानांचा एक रिपोर्ट होता.

"सर, इसमें क्या लिखा है, जरा पढ के बताओ."

रिपोर्ट इंग्रजीत होता. मुलगा सातवीत, उर्दू माध्यमातला. तोंडी हिशेब चटकन करणारा, पण वाचायला उभा केला की घामाघूम होणारा. कोणीतरी वडिलांना सांगितले होते की अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर दहावीला सवलत मिळते. ते एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथे मानसशास्त्रज्ञाची जागा रिकामी होती. 'बुद्ध्यांकाची चाचणी बाहेरून करून आणा' असे तोंडी सांगण्यात आले. मग त्यांनी एका खासगी ठिकाणी साडेचार हजार रुपये भरले. त्यांची ती नऊ-दहा दिवसांची मजुरी.

मी शेवटचे पान उघडले. तिथे आकडा होता ७८.

"पास है ना?" त्यांनी विचारले.

मला उत्तर देता आले नाही, कारण त्या दिवशी मलाही त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मी बी.एड. केले, मानसशास्त्राचा पेपर दिला, बिने नावाच्या माणसावर टीपही लिहिली. पण त्या टिपेचा कल्याणमधल्या एका घरच्या चुलीशी काय संबंध असतो, हे कोणी शिकवले नव्हते. ते मी नंतर शोधत गेलो. या लेखात तोच शोध मांडतो आहे.

पॅरिसहून निघालेला आकडा

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक आयोग नेमला. शाळा सक्तीची झाली होती आणि वर्गात मागे पडणारी मुले पहिल्यांदाच मोठ्या संख्येने दिसू लागली होती. त्यांना ओळखून वेगळी मदत कशी द्यायची, हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. बुद्धी हा जन्मभर न बदलणारा ठोकळा आहे, हे बिनेला मान्य नव्हते. योग्य शिकवणीने मूल पुढे जाते, असे तो ठामपणे म्हणत राहिला. १९११ मध्ये तो गेला.

त्याच्यानंतर चाचणी अमेरिकेत वाढली. न्यू जर्सीतील व्हाइनलँड या गावच्या संस्थेत हेन्री गोडार्ड काम करत होता. त्याने १९०८ मध्ये ती इंग्रजीत आणली. पुढे बोटीने न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांवर त्याने ती वापरली. लांबचा समुद्रप्रवास करून आलेली, कधी पेन्सिल हातात न धरलेली माणसे दुभाष्यामार्फत उत्तरे देत होती. त्यांतल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन गटांतील बहुसंख्य लोक 'मंदबुद्धी' आहेत, असा निष्कर्ष १९१७ मध्ये छापला गेला. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मनने चाचणीची नवी आवृत्ती काढली आणि मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणण्याची रीत रूढ झाली. याच आकड्याला आपण बुद्ध्यांक म्हणतो.

मदतीसाठी बनवलेले माप वर्गवारीसाठी कसे वापरले जाते, हे एलिस बेटावर दिसले. दुसऱ्याच्या भाषेत उत्तर देणारा माणूस आहे त्यापेक्षा मंद दिसतो, हेही तिथेच दिसले. कल्याणच्या त्या मुलाची चाचणी मराठी आणि इंग्रजी मिसळून झाली होती. घरी तो आझमगढकडची उर्दू बोलतो. भिवंडीच्या कितीतरी मोमीन विणकर घराण्यांप्रमाणे त्याचेही आजोबा तिकडूनच आलेले. मराठी तो माझ्याकडून शिकतो, आठवड्यातून काही तासिका.

लाहोर, मुंबई इलाखा आणि नागपूर

आता आपल्या भूमीकडे येऊ. बिनेची चाचणी भारतीय मुलांसाठी बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न लाहोरमध्ये झाला. फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे सी. हर्बर्ट राइस यांनी १९२२ च्या सुमारास पंजाबातल्या मुलांसाठी 'हिंदुस्तानी बिने' मापनश्रेणी तयार केली. म्हणजे हिंदुस्तानात या विषयाने पहिले पाऊल टाकले ते आपल्या उर्दू-हिंदुस्तानीच्या मुलखात. हे वाचले तेव्हा मला आनंद झाला. त्याहून जास्त वाटली ती हळहळ.

दुसरे महत्त्वाचे काम आपल्याकडचे. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची श्रेणी सुधारली. १९३४ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये पुस्तक निघाले. या पुस्तकाची चौथी आवृत्ती १९६७ ची. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती आजही देशभरच्या दवाखान्यांत वापरली जाते. मराठी माणसाला अभिमान वाटावा असे हे काम आहे.

तिसरे नाव नागपूरचे डॉ. आर्थर मालिन. वेक्स्लरच्या १९४९ च्या मुलांच्या चाचणीचे भारतीय रूप त्यांनी १९६९ मध्ये केले. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची ही चाचणी इंग्रजी, हिंदी आणि मराठीत आहे. मूल रोजच्या जगण्यात स्वतःचे किती करू शकते, म्हणजे जेवणे, कपडे घालणे, एकटे बाजारात जाऊन येणे, हे मोजणाऱ्या 'व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी'चे भारतीय रूपही मालिन यांनी नागपूरला केले. नावातले व्हाइनलँड म्हणजे गोडार्डचेच ते गाव.

आज देशात कुठल्याही बालकाचे बौद्धिक दिव्यांगत्व ठरते तेव्हा कामत आणि मालिन यांची मापे हाताशी असतात. पण मापाला दोन मर्यादा आहेत आणि त्या समजून घ्यायला हव्यात.

पहिली मर्यादा काळाची. जुन्या पिढीच्या सरासरीवर बेतलेल्या चाचणीत आजच्या मुलांचे गुण साधारणपणे वाढून दिसतात, कारण पिढीगणिक मुलांचे शिक्षण, पोषण आणि चित्रांशी असलेली ओळख वाढत गेली. त्यामुळे ज्याला खरोखर आधार हवा, असे मूल रेषेच्या वर जाऊन बसते. दुसरी मर्यादा भाषेची. परक्या भाषेत विचारले की गुण खाली येतात. एक चूक वर ढकलते, दुसरी खाली खेचते. एकाच मुलाच्या आकड्यात दोन्ही मिसळल्या असतील तर त्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

७८ म्हणजे काय?

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकार होते आणि ४० टक्के ही रेषा होती. बुद्ध्यांकाचे टक्क्यांत रूपांतर कसे करायचे, हे २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. ५० ते ६९ बुद्ध्यांक म्हणजे सौम्य, टक्केवारी ५०. त्याखाली मध्यम, ७५ टक्के. तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के. ७० ते ७९ ला म्हणायचे 'सीमारेषेवरचा' आणि टक्के फक्त २५.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार सातावरून एकवीस केले. त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणे, हा प्रकार आला. जानेवारी २०१८ च्या सूचनांनुसार या प्रकारासाठी आधी बुद्ध्यांक पाहायचा. तो ८५ च्या वर असेल तरच पुढे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बनवलेली अध्ययनाची चाचणी घ्यायची. पहिले प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी.

आता हे दोन नियम शेजारी ठेवा. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी ७० च्या आत हवे. अध्ययन अक्षमतेसाठी ८५ च्या वर हवे. मधल्या पट्ट्यातल्या मुलाला दोन्ही दारे बंद. ७८ म्हणजे नापास नाही, पासही नाही. साडेचार हजार रुपये देऊन त्या बापाने स्वतःच्या मुलासाठी हे कुलूप विकत आणले होते. आणि परक्या भाषेने ओढलेले पाच-दहा गुण त्यात जमेस धरले तर कदाचित तो आकडा त्या मुलाचा नव्हताच.

सवलती किरकोळ नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना दहावी-बारावीत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे गणित आणि एक कार्यानुभव विषय, अशा सोयी दिल्या आहेत. ज्यांचे बौद्धिक दिव्यांगत्व सिद्ध होते त्यांना रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या माणसालाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आहे. एका कागदावर एवढे सगळे टांगलेले आहे.

तीन 'स' आणि चार 'ज़'

उर्दूचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या लिपीत 'स' या एका आवाजासाठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे आहेत. 'ज़' साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय ही चार. बे, पे, ते, से यांची बैठक एक, फरक फक्त नुक्त्यांचा. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अक्षराचे रूप बदलते. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, ते वाचणाऱ्याने संदर्भाने भरायचे. ज्या मुलाला अक्षर आणि आवाजाची सांगड घालताना मुळातच अडचण आहे, त्याची या लिपीत कशी दमछाक होत असेल याचा विचार करा. देवनागरी वाचताना हेच मूल थोडे बरे वाचते, असे मी अनेकदा पाहिले आहे. आम्ही मात्र त्याला 'कामचोर' म्हणतो. मीही म्हणालो आहे.

या अडचणी इंग्रजी चाचणीत दिसणार नाहीत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची वाचन अक्षमतेची चाचणी बनवली आणि ती २०१५ मध्ये आली. मोठे आणि गरजेचे काम. पहिल्या चार भाषा होत्या हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. उर्दू त्यांत नव्हती. लाहोरात १९२२ ला जी वाट सुरू झाली, ती आमच्या मुलांच्या शाळेपर्यंत शंभर वर्षांत आली नाही.

यात सरकारला दोष देणे सोपे आहे. पण प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. उर्दूच्या नावाने मुशायरे भरतात, पुरस्कार दिले जातात. उर्दू वाचू न शकणाऱ्या उर्दू मुलासाठी एक चाचणी हवी, ही मागणी कुठल्या जलशात झाली?

ठाण्याचे नाव

आपल्याकडे या विषयावर एक सावलीही आहे. कोणी वेड्यासारखे वागले की महाराष्ट्रभर म्हणतात, 'याला ठाण्याला पाठवा.' ठाणेकरांना हा विनोद पाठ आहे. नौपाड्याजवळचे मनोरुग्णालय १९०१ चे, नरोत्तमदास माधवदास या दानशूर घराण्याच्या देणगीचे नाव लागलेले. १९१२ च्या कायद्यात माणसाला तिथे दाखल करायचे तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागे. म्हणजे त्या काळी मानसिक तपासणीचा कागद माणसाला आत टाकण्यासाठी होता. १९९५ नंतर तो कागद हक्क मागण्यासाठी झाला. ८०-९० वर्षांत कागदाचा अर्थ उलटला, पण मोहल्ल्यात अजून पहिलाच अर्थ चालतो.

म्हणून आई म्हणते, 'कागज़ मत बनाओ, बहन के रिश्ते में अड़चन आएगी.' मुंब्र्यात, कल्याणच्या जुन्या वस्तीत, भिवंडीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर रागावणे सोडले. त्यामागे खरी भीती आहे. वर आता संशयाची नवी भर पडली आहे. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर दिव्यांग प्रमाणपत्रांची देशभर चर्चा झाली. खोटा लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि ती असायलाच हवी. पण मोठ्यांच्या प्रकरणाने वाढलेली कडक नजर शेवटी रांगेतल्या मजुराच्या मुलावर पडते.

तपासणीचा खर्च कोणी करायचा?

मुस्लिम इतिहासात या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. उमय्या खलिफा वलीद याने आठव्या शतकाच्या सुरुवातीला दमिश्कमध्ये कुष्ठरोग्यांना तनखा बांधून दिला आणि अंधांना वाटाड्या, अपंगांना सेवक नेमून दिला, असे इतिहासकार सांगतात. कैरोत सुलतान कलावून याने १२८४ मध्ये उभारलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांचाही विभाग होता. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, सर्वांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून होई. रुग्णाने काही द्यायचे नव्हते. आजाऱ्याने आजार सिद्ध करण्याचे पैसे आधी भरावेत, ही कल्पना तिथल्या कारभाऱ्यांना विचित्र वाटली असती.

हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम हे दृष्टिहीन सहाबी. मक्केतल्या प्रतिष्ठितांशी बोलणे चालू असताना ते आले, त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि त्यावर सूरह अबस उतरली, हे प्रत्येक मदरशातल्या मुलाला ठाऊक असते. पुढे ते मदिनेत अजान देत. आपण ही हकिकत सांगतो आणि आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरून नजर फिरवून पुढे जातो.

आता करायचे काय?

जे मला तेव्हा माहीत नव्हते ते इथे लिहून ठेवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

प्रमाणपत्र देण्याचे काम कायद्याने नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचे आणि मंडळाचे आहे. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर करायचा. जिल्ह्याच्या रुग्णालयापासून सुरुवात करावी. 'चाचणी बाहेरून आणा' असे सांगितले तर ते लेखी मागावे, आणि चाचणी दुसऱ्या कोणत्या सरकारी रुग्णालयात होईल, हेही विचारावे. लेखी मागितले की बऱ्याचदा उत्तर बदलते.

खासगी ठिकाणी जावेच लागले तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न. चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का? ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली आहे आणि नोंदणी नसलेल्याचा रिपोर्ट मंडळापुढे टिकत नाही. कोणती चाचणी घेणार? आणि कोणत्या भाषेत? ती भाषा आणि मुलाची घरची भाषा, दोन्ही रिपोर्टात लिहायला सांगावे.

शिक्षकांनो, मुलासोबत एक पानाचे पत्र द्या. तो तोंडी काय करतो, लेखी काय चुकते, किती वर्षांपासून, हे लिहा. जुन्या वह्यांच्या झेरॉक्स जोडा. चाचणी घेणारा मुलाला दोन तास पाहतो, आपण वर्षभर पाहतो.

मंडळाचा निर्णय पटला नाही तर कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येते. मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये पुन्हा सुधारल्या आहेत, तेव्हा अर्जापूर्वी ताज्या सूचना पाहाव्यात.

आणि मशिदींच्या जकात समित्यांना एक विनंती. रमजानमध्ये रेशनचे किट वाटता, चांगले आहे. त्या निधीतून वर्षाला दहा गरीब मुलांच्या तपासणीचा आणि आई-बापाच्या बुडालेल्या रोजाचा खर्च उचलता येईल का, हे आपल्या आलिमांना विचारा. मूल गरीब घरचे असेल तर मला त्यात अडचण दिसत नाही, पण निर्णय त्यांनी द्यावा.

तो मुलगा? अपील असते हे मला कळले तोवर मार्च २०२० उजाडला होता. शाळा बंद झाल्या. त्याच्या घरात एकच मोबाइल, तोही वडिलांसोबत कारखान्यात जायचा. शाळा उघडल्या तेव्हा तो आला नाही. आज तो भिवंडीत एका जॉबरच्या हाताखाली बिघडलेले माग दुरुस्त करतो. कारागीर चांगला आहे, असे त्याचे वडील सांगतात. ज्या मुलाची बुद्धी चार पानांत मोजून बाजूला ठेवली, तो नुसता आवाज ऐकून मागात काय बिघडले आहे ते ओळखतो.

त्या रिपोर्टाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. दर जूनला नवा वर्ग हाती आला की मी ती एकदा काढून वाचतो, आणि मग मागच्या बाकापासून हजेरी घेतो.